मार्नीच्या बेटावरची माशी

अंगणातल्या सिद्राला परत फुलं आली आहेत. फुलं म्हणायचं म्हणून म्हणायचं. हिरवट पिवळी, तांदळाच्या कणीएवढी, पानांच्या बगलेत लपलेली. जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत. त्यांच्याआधी वास येतो. गोड म्हणावा असा नाही, वाईटही नाही. भिजवलेली कणीक तासभर झाकून ठेवली आणि मग ताट काढलं की जसा येतो तसा. वासामागून आवाज येतो. इथे आखातात, मुऐदरमध्ये, उन्हाळाभर एकच आवाज असतो, एसीचा. ऑक्टोबर सरत आला की एक दिवस, ज्यांच्याकडे मी स्वयंपाक करते त्या मेधाताई म्हणतात, आज एसी बंद करून बघा हो हलिमाभाभी. मी बंद करते, ओट्यामागची खिडकी उघडते, जाळीवरची धूळ ओल्या फडक्याने पुसते. आणि चार महिने विसरलेलं ते झाड गुणगुणत आत येतं.

सिद्र म्हणजे आपल्या बोरीची बहीणच. तसेच काटे, तशीच पानं, फळही तसंच, फक्त थोडं पिठूळ. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला रत्नागिरीच्या आमच्या कुंपणाची आठवण झाली आणि काट्याला हात लावून बघितला. तोही तसाच टोचला.

दरवर्षी ही फुलं आली की मला बरं वाटायचं. गेली चार वर्षं वाटत नाही. खिडकी उघडते तेव्हा पहिली नजर झाडाखालच्या सिमेंटच्या कट्ट्यावर जाते. तिथे मार्नी बसायची.

मार्नी या घरात राहून काम करायची. मी सकाळी येते, स्वयंपाक करते, चार वाजता जाते. आमचे हे अल खोरच्या बाजूला कंपनीची बस चालवतात. ते परतायच्या आत मला घरी पोचावं लागतं. मार्नीचं तसं नव्हतं. तिची खोली मागच्या अंगणात, गच्चीच्या जिन्याखाली. ती दूरच्या एका बेटावरची, इंडोनेशियातल्या. बेटाचं नाव तिने मला खूपदा सांगितलं आणि मी दरवेळी चुकीचं म्हटलं. ती हसायची. पाहुणे आले की तिला कधी इंडोनेशियन म्हणत, कधी फिलिपिनो, कधी नुसतंच ती मुलगी. ती चाळिशीला आलेली होती. तिची लेक इंतान गावी आजीकडे वाढत होती.

आमची दोघींची भाषा म्हणजे खिचडी. थोडं हिंदी, थोडं अरबी, थोडं इंग्रजी. ती मला सिस्टर म्हणायची. दुपारी जोहरची नमाज आम्ही एकाच चटईवर पढायचो. ती माझ्याहून बुटकी, त्यामुळे सजद्यात तिचं कपाळ माझ्या मागे राहायचं. नंतर भात खायचो. तिला माझं माशाचं कालवण आवडायचं, पण कोकम काढून टाकायची. मी म्हणायचे, अगं त्यातच तर सगळं आहे. ती म्हणायची, सिस्टर, आंबट सेम सेम, लाकिन माय आंबट नो सेम. तिच्या गावचं आंबट वेगळ्या फळाचं होतं.

त्या वर्षी सिद्राच्या खालच्या फांदीला फुलोरी माशीने पोळं धरलं. तळहाताएवढं, फांदीला मिठी मारून बसलेलं. बागकाम करणारा माणूस धूर करायला निघाला होता. मार्नी धुण्याची बादली तशीच टाकून धावली आणि झाडापुढे आडवी उभी राहिली. तिने दोन्ही हात पसरले होते. तो माणूस हसला, यल्ला यल्ला, म्हणजे चला चला, म्हणाला आणि निघून गेला. मी खिडकीतून पाहत होते. तेव्हा मला कळलं की हिच्याही घरात माश्या होत्या.

माझ्या अब्बांच्या सातेरीच्या पेट्या होत्या. अकरा. घराच्या मागे, फणसाच्या सावलीत. सातेरी म्हणजे आपली पाळायची माशी, अंधाराला घर करणारी. फुलोरी पाळता येत नाही, तिला उजेड लागतो. शाळा चौथीला सुटली त्यानंतर मी अब्बांच्या हाताखाली होते. पेटीचं झाकण उचलताना श्वास कसा धरायचा, माशी चिडली की आवाज कसा बदलतो, पोळ्याची चौकट उन्हाकडे कशी धरायची, हे मला त्यांनी शिकवलं. माझ्याशी ते फार बोलायचे नाहीत. मीही नाही. आमचं बोलणं पेटीजवळच व्हायचं.

पेटी फुटायच्या दिवसांत, म्हणजे निम्म्या माश्या नवं घर शोधायला निघायच्या आधी, पोळ्याच्या खालच्या कडेला नरांची घरं दिसू लागतात. कामकरी माशीच्या घरापेक्षा मोठी. त्यांवर टोपीसारखं उंच झाकण असतं आणि झाकणाच्या टोकाला एक भोक. सुईच्या टोकाएवढं. अब्बा माझं बोट धरून त्यावरून फिरवायचे. "भोक लागलं ना बोटाला? मग हा नर गो," म्हणायचे. एवढंच. नर बाहेर पडले की ती झाकणं गळून पेटीच्या तळाला पडायची. मी ती गोळा करून भातुकलीत मांडायचे. त्यांत पाणी ठेवता यायचं नाही. थेंब टाकला की खालून ओल यायची. मी त्यांना चाळणी म्हणायचे.

मार्नीला हे मी एका दुपारी सांगितलं. भात खाऊन झाला होता, ती कट्ट्यावर पाय सोडून बसली होती. ती ऐकत राहिली आणि मग हसत म्हणाली, तिच्या आईकडेही पेट्या होत्या, पेट्या म्हणजे पोखरलेले ओंडके. तिच्या डोंगरात दोन माश्या. एक खाली गावाच्या, नारळांच्या बाजूला, ती तुझ्या सातेरीसारखी. दुसरी वर रानाच्या कडेची. ती जास्त पिवळी, पायसुद्धा पिवळे, तोंडही. तिच्या आईची ती दुसरी. दोघी एकाच फुलावर बसतात, पण नर वेगवेगळ्या वेळी उडतात. नारळातल्या माशीचे नर जोहरनंतर बाहेर पडतात, आईच्या माशीचे असरच्या, म्हणजे ऊन कलायच्या सुमाराला. म्हणून त्यांची गाठ पडत नाही. आणि आईच्या माशीच्या नराच्या झाकणाला भोक नसतं.

मी म्हटलं, नसतं कसं?

ती म्हणाली, नसतं. तीही लहानपणी ती झाकणं गोळा करायची. बाहुलीला पाणी पाजायला, कप म्हणून. "हम उसमें पानी डालता. पानी नहीं गिरता, सिस्टर."

हे तिने सांगितलं तेव्हा मला जे वाटलं ते आजही आठवतं. मला खरं वाटलं. लगेच. कारण मी चाळणी म्हणत होते आणि ती कप म्हणत होती, आणि कुठलंही पोर ते उगाच म्हणत नाही. हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे मी जे केलं ते न कळून केलं असं मला कधीतरी म्हणावंसं वाटेल.

मेधाताईंची ईशा तेव्हा बारावीला होती. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देते. लहानपणापासून मी तिला भरवलं आहे, पण तिचं माझ्याशी बोलणं म्हणजे पोळी गरम आहे का, डब्यात काय आहे, एवढंच. माझाच स्वभाव तसा. दहा माणसं बसली असली की मी दारामागे असते. मेधाताई वेस्ट बेच्या ऑफिसातून मैत्रिणींना घेऊन येतात. कुणी कालवणाचं कौतुक केलं तर मी आतूनच हसते, बाहेर जात नाही. गेले तर आणखीन एक होतं. माझं नाव ऐकलं की माणसं माझ्याशी हिंदीत बोलायला लागतात. मी मराठीत उत्तर दिलं की म्हणतात, अरे वा, तुम्ही किती छान मराठी बोलता. आमच्या सात पिढ्या रत्नागिरीत गेल्या. कुणी चुकीच्या फडताळात ठेवलं तर आपण तिथेच गप बसावं, अशी मला सवय झाली आहे.

ईशाच्या शाळेत प्रदर्शन होतं. तिने विषय घेतला मधमाश्यांचे प्रकार. झाडावरचं पोळं पाहूनच तिला ते सुचलं. मग ती दुपारी कट्ट्यावर मार्नीशेजारी बसायला लागली, मांडीवर लॅपटॉप घेऊन. मार्नी हातवारे करून सांगायची, ईशा टिपून घ्यायची. मध्येच दोघी हसायच्या. खिडकीतून मला त्यांच्या पाठी दिसायच्या. कढीपत्ता फोडणीत टाकताना मी त्या पाठींकडे बघायचे. माझ्याही अब्बांच्या अकरा पेट्या होत्या, असं मनात यायचं. ईशाला ते ठाऊक होतं. तिने विचारलं नव्हतं, आणि मी होऊन सांगणारी नव्हते.

टेबलावर आपली सातेरी, आग्या, फुलोरी, परदेशी पेटीतली माशी, असे तक्ते लागणार होते. आणि शेवटचा तक्ता मार्नीच्या बेटावरच्या माशीचा. ईशाने ठरवलं की त्या तक्त्याजवळ मार्नी स्वतः उभी राहील आणि लोकांना सांगेल. मेधाताईंनी हो म्हटलं. मार्नी इथे नऊ वर्षं होती. बाजार, दवाखाना, पार्क, याशिवाय ती कुठे गेलेली नव्हती.

तिने तिचा लिंबाच्या रंगाचा रुमाल धुतला, इस्त्री केला आणि चुरगळू नये म्हणून स्वयंपाकघराच्या दारामागच्या खुंटीला लावून ठेवला. आठवडाभर तो तिथे होता. मी पीठ मळत असले की ती माझ्यासमोर ताठ उभी राहायची आणि म्हणायची, "गुड मॉर्निंग. माय नेम इज मार्नी. दिस बी इज फ्रॉम माय आयलंड." मग थांबायची. पुढचं वाक्य तिला आठवायचं नाही. मी पिठाचा हात वर करून तिला आठवण करून द्यायचे. मलाच पाठ झालं होतं. पुढचं वाक्य होतं, माय मदर नोज हर. ईशा म्हणाली होती की माशीला हर म्हणत नाहीत, पण राहू दे, छान वाटतं.

प्रदर्शनाला चार दिवस राहिले होते. ईशा स्वयंपाकघरात आली. एरवी ती दारातून बोलते. त्या दिवशी तिने स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसली. वही उघडली, पेन काढलं. म्हणाली, तिने खूप शोधलं पण सगळीकडे वेगवेगळं लिहिलं आहे. एका जुन्या यादीत मार्नीची माशी आणि आपली सातेरी एकच धरली आहे. कुठे वेगळी म्हटली आहे. टीचरने सांगितलं आहे की नक्की माहीत असेल तरच ठेव. मग तिने मला विचारलं की माझ्या वडिलांकडे इतक्या पेट्या होत्या, तर नराच्या झाकणाला भोक नसलेली माशी मी कधी पाहिली आहे का.

माझ्या आयुष्यात कुणी वही उघडून माझ्यासमोर बसलं नव्हतं. मी काय म्हणते ते लिहून घ्यायला कुणी पेन धरलं नव्हतं. मी हात पुसले. मला आठवतं, पाठ सरळ केली. आणि मी सांगायला लागले. अब्बा कसे बोट धरायचे, झाकण कसं टोपीसारखं असतं, भोक कुठे असतं. ईशा भराभर लिहीत होती. मला थांबवेना. सातेरीचं मला जे माहीत होतं ते सगळं मी सांगितलं, आणि मग जे माहीत नव्हतं तेही सांगितलं.

"पाळायची माशी कुठलीही असो, नराच्या झाकणाला भोक असतंच. नसेल तर ते पोळं आजारी."

"आंटी, आर यू शुअर?"

"लहानपणापासून पाहतेय गो मी."

मला माहीत नाही, हे तीन शब्द होते. मी ते जन्मभर म्हणत आले होते. विचारलेलं असो, नसो. पाहुण्यांना, डॉक्टरला, बँकेत, एअरपोर्टवर. मला नाही माहीत, यांना विचारा. ज्या एका दिवशी ते शब्द खरे होते त्या दिवशी ते माझ्या तोंडून आले नाहीत.

मार्नी तेव्हा दारात उभी होती. हातात वाळलेले कपडे होते. किती ऐकलं ते कळलं नाही. ईशाने तिला जवळ बोलावून हळू आवाजात समजावलं. तक्ता काढावा लागेल, सॉरी, पुढच्या वेळी बघू. मार्नीने ईशाकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे पाहत होती.

"सिस्टर, तुम देखा? माय आयलंड, तुम देखा?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. खरंच विचारत होती. मी तेव्हाही परत फिरू शकले असते. पण ईशा समोर होती, वही उघडी होती, आणि त्या वहीत माझं म्हणणं लिहिलेलं होतं.

"मार्नी, तू बहुत साल से इधर है," मी म्हटलं. "भूल गई होगी."

हातातले कपडे तिने एकदा नीट धरले. मग म्हणाली, "मेबी, सिस्टर."

मी मुऐदरमध्ये बावीस वर्षं आहे. इथल्या कुठल्याही बाईला, कुठल्याही माणसाला सगळ्यात जास्त कशाची भीती वाटते ते मला माहीत आहे. नोकरी जाईल याची नाही. आपण घरचं विसरू याची. सुट्टीत गावी गेलं आणि पाणंद कुठे वळते ते आठवलं नाही की माणूस वाटेतच उभं राहतं. मी स्वतः एकदा आईची मसाल्याची बरणी कुठल्या फळीवर असते ते विसरले होते आणि त्या दिवशी जेवले नव्हते. ती भीती मला आतून माहीत होती. म्हणून तर मला नेमकं तिथेच बोट ठेवता आलं.

दुसऱ्या दिवशी दारामागच्या खुंटीवर रुमाल नव्हता.

तक्त्यांजवळ कुणीतरी माणूस हवं होतं, म्हणून मेधाताई म्हणाल्या, मग हलिमाभाभींना ने की, त्यांना तर सगळंच माहीत आहे. मी हो म्हटलं. का म्हटलं ते ठाऊक नाही. यांना सांगितलं तर हे हसले, तू बोलणार, म्हणाले. ईदचा जांभळा ड्रेस काढला. सकाळी तयार होऊन इथे आले. गाडी दारात लागली. ईशाने तक्ते मागच्या सीटवर ठेवले. आणि माझे पाय उंबऱ्यावरून उचलेनात. इतकी माणसं, इतकी पोरं, इंग्रजीत प्रश्न विचारणार. मी मेधाताईंना म्हटलं, अंगात कसकस आहे. त्यांनी कपाळाला हात लावला, कपाळ थंड होतं, पण त्या गाडीत जाऊन बसल्या.

संध्याकाळी त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. टेबल छान मांडलं होतं. मेणाचा गोळा, मधाच्या बाटल्या, चार तक्ते. बाजूला एक खुर्ची होती. रिकामी. फोटो मार्नीलाही दाखवला. तिने नीट पाहिला आणि म्हणाली, ब्युटिफुल.

तिने माझ्याशी बोलणं सोडलं नाही. हेच मला जड जातं. भांडली असती तर बरं झालं असतं. ती पूर्वीसारखीच सिस्टर म्हणायची, भात खायची, कोकम बाजूला काढायची. फक्त माश्यांचं बोलली नाही, आणि बेटाचंही. मी कधी विषय काढला तर म्हणायची, आय डोन्ट नो, सिस्टर, लाँग टाइम. ती कट्ट्यावर बसायचीही थांबली. सिद्राची फुलं गळून गेली, बोरं धरली, फुलोरी एका दिवशी पोळं रिकामं टाकून उठून गेली. सुकलेलं पोळं फांदीला बरेच दिवस होतं. पुढच्या रमजाननंतर मार्नी कायमची गावी गेली. जाताना तिने मला मिठी मारली. तिचं डोकं माझ्या खांद्याला लागलं. मी तिला मसाल्याची पुडी दिली.

एका ईदला तिचा मेसेज आला होता. एका चित्राचा फोटो. इंतानने काढलेलं. सहा बाजूंची घरं, रंगीत पेन्सिलीने पिवळी केलेली, आणि खालच्या ओळीतल्या मोठ्या घरांवर मधोमध एकेक काळा ठिपका. खाली मार्नीचा आवाज होता, इंतान मेक फॉर हलिमा आंटी. मला किती आनंद झाला होता. मी यांना दाखवलं. अंगठा पाठवला, फुलं पाठवली. त्या ठिपक्याकडे मी नीट पाहिलंही नव्हतं.

ईशा आता परदेशात हाच विषय शिकते. गेल्या आठवड्यात सुट्टीला आली. सकाळी स्वयंपाकघरात आली आणि पूर्वीसारखंच स्टूल ओढून बसली. मी पोळी लाटत होते. तिने पोळीचा तुकडा तोडला आणि चघळत म्हणाली, "आंटी, मार्नी वॉज राइट."

मग तिने सांगितलं, अर्धं इंग्रजीत, अर्धं माझ्यासाठी मराठीत. त्या बेटावर तशी माशी खरंच आहे. खूप पूर्वी कुणीतरी ती वेगळी म्हणून नाव देऊन ठेवली होती. मग नंतरच्या लोकांनी ती आणि आपली सातेरी दिसायला इतकी सारखी आहे म्हणून दोघींना एकच करून टाकलं. बराच काळ ती अशी दुसरीच्या नावाखाली राहिली. मग काही जणांनी बेटावर जाऊन पेट्यांजवळ बसून पाहिलं. दोघींचे नर वेगवेगळ्या वेळी उडतात. आणि एकीच्या नराच्या झाकणाला भोक असतं, दुसरीच्या नसतं. त्यावरून त्यांनी तिला पुन्हा वेगळी केली. हे सगळं त्या वर्षीच पुस्तकात होतं, ईशा म्हणाली, तिलाच नीट शोधता आलं नव्हतं. ती स्वतःवर हसली. तिच्यासाठी ती शाळेतली एक चूक होती.

माझी पोळी तव्यावर करपली.

मला राहून राहून त्या लोकांचं वाटतं जे पेटीजवळ जाऊन बसले. त्यांना काय लागलं असेल? वेळ लागला असेल. दुपारभर बसावं लागलं असेल, जोहरपासून असरपर्यंत, आणि कोण कधी बाहेर पडतं ते पाहावं लागलं असेल. मी तर मार्नीच्या शेजारी रोज दुपारी बसत होते. मला बेटावर जायचीसुद्धा गरज नव्हती. बेट माझ्या चटईवर येत होतं. तिला सगळे चुकीच्या फडताळात ठेवत होते, आणि मी, जिला त्याचं दुखणं ठाऊक आहे, तिने ते फडताळ लावून घेतलं.

त्या दिवशी चारला घरी गेले आणि फोन हातात घेतला. तो जुना मेसेज काढला. चित्र मोठं करून पाहिलं. प्रत्येक मोठ्या घरावर ठिपका. पोरीने पेन्सिल दाबून, नीट, एकही घर न चुकवता काढला होता. मार्नीने तिला तसं सांगितलं होतं. माझं म्हणणं समुद्र ओलांडून तिच्या घरी गेलं होतं आणि तिथल्या पोळ्यावर बसलं होतं.

मी आवाज भरला आणि पुसला. असं पाच-सहा वेळा केलं. शेवटी एकदा डोळे मिटून म्हटलं, "मार्नी, तुम सच बोला था. होल नहीं होता. ईशा किताब में देखा. मैं झूठ बोली. मेरे को मालूम नहीं था, फिर भी बोली. इंतान को बोलो, निशान मिटा दे." आणि पाठवून दिलं.

दोन दिवस काही आलं नाही. दोन दिवस मी जाळीच्या खिडकीतून कट्टा पाहत भाजी चिरली. तिसऱ्या दिवशी दुपारी आलं. मी हात पुसून फोन कानाला लावला. मागे कोंबड्या ओरडत होत्या आणि कुणीतरी लाकूड फोडत होतं. मार्नीचा आवाज तोच होता, आईला मामा म्हणणारा.

"सिस्टर, नो प्रॉब्लेम. आय एम हॅपी. लाकिन वन थिंग बोलना है. मैं घर आया, तब मामा का सब माशी चला गया था. कुछ नहीं देखा मैं. मामा बोलता, इंतान को ठीक सिखाओ, होल नहीं है. मैं मामा को बोला, मामा, तुम बूढ़ा है, भूल गया." लाकूड फोडण्याचा आवाज दोनदा आला. "अब मामा नहीं है, सिस्टर. लास्ट इयर. किसको बोलेगा."

तिने मला दोष दिला नाही. तिने तो आपल्या अंगावर घेतला, आणि तोच शब्द घेतला, माझाच. भूल गया. मी एका दुपारी स्टुलासमोर पाठ सरळ करून उच्चारलेला शब्द तिने आपल्या आईला म्हटला, आणि आई तो ऐकून घेऊन गेली. त्या म्हातारीने अख्खा जन्म ती झाकणं हाताळली असतील. लेक नऊ वर्षांनी परत आली आणि तिला म्हणाली, तुला आठवत नाही. तीही म्हणाली असेल का, मेबी?

या वेळी अंगठा आणि फुलं पाठवायची हिंमत झाली नाही.

आज ईशा परत स्वयंपाकघरात आली. बाहेर फुलोरीने नवं पोळं धरलं आहे, जुन्याच फांदीवर. ती त्याचे फोटो काढून आली होती. तिला तिच्या कॉलेजसाठी काही लिहायचं आहे, बेटांवरच्या माश्यांवर. स्टूल ओढलं, वही उघडली, पेन काढलं. मला म्हणाली, आंटी, ती रानातली पिवळी माशी, तिला लोक ओंडक्यात कसं वसवतात? ओंडका कुठल्या लाकडाचा? तुम्हाला मार्नीने सांगितलं असेल ना? तुम्हाला आठवतं?

थोडं आठवत होतं. ओंडक्याचं तोंड नारळाच्या करवंटीने झाकतात असं ती एकदा म्हणाली होती. मी एवढं सांगू शकले असते, आणि त्याला अब्बांच्या पेट्यांचं थोडं जोडलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. ईशाचं पेन कागदाला टेकलेलं होतं. बाहेरून असरची अजान येत होती. तिकडे तर अंधारही पडला असेल, त्या डोंगरात ते नर केव्हाच उडून गेले असतील.

मी पिठाचे हात फडक्याला पुसले, फोन काढला, मार्नीचा नंबर उघडून तो ईशाच्या वहीवर ठेवला.

"मला माहीत नाही गो," मी म्हटलं. "तिला विचार. तिला सगळं आठवतं."